जुन्या लष्करी विमानतळांवरचं उड्डाण : तुमच्या आठवणी सांगा

पूर्ववारा :

हजार फुटांवरून आमचं मैदान इंग्रजी 'ए' अक्षरासारखं दिसायचं. एक लांब धावपट्टी, तिला छेदणाऱ्या दोन आखूड, आणि या सगळ्याला कवेत घेणारा, विमानं एका टोकाकडून दुसरीकडे नेण्याचा वळणदार रस्ता. दुसऱ्या महायुद्धात जड बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेलं हे मैदान. मी तिथे सेसना १५२ या दोन सीटच्या छोट्या विमानावर उडायला शिकले.

पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीने उडायच्या सकाळी वारा नैऋत्येचा होता, धावपट्टी २४. तीन चकरा मारायच्या होत्या. दोन व्यवस्थित झाल्या. तिसऱ्या चकरेत मी डाउनविंडला, म्हणजे पट्टीला समांतर उलट दिशेने जात असताना रेडिओवर आवाज आला, वारा फिरलाय, ३१० वरून १५ नॉट, धावपट्टी ३० घ्या. ३० वर मी एकटीने कधीच उतरले नव्हते. शेजारची सीट रिकामी. घसा कोरडा पडला. मग खाली बघितलं तर ती आखूड पट्टी तिथेच होती, रोज दिसायची तशी, फक्त आज माझ्यासाठी. वळण थोडं आधी घेतलं, बेस, फायनल. नाक सरळ पट्टीकडे, पंख सपाट, वारा जवळजवळ तोंडावर. इतकं अलगद मी त्याआधी टेकले नव्हते.

आणि मग तो आवाज. जुन्या काँक्रीटच्या चौकोनांमधल्या सांध्यांवरून चाकं जातात तेव्हा ठकठकठक होतं, वेग उतरला की ठक... ठक... ठक. डोळ्यांनी स्पीड बघायच्या आधी कानांना कळायचं. कित्येक वर्षं तो आवाज मला झोपेतही ऐकू यायचा.

गेल्या महिन्यात १२ वर्षांनी तिथे गेले. दोन्ही आखूड पट्ट्या उखडून खडीसाठी विकल्यात. लांब पट्टी तेवढी शिल्लक आहे, तिच्या टोकाचं २४ पुसून आता २३ रंगवलंय. विंडसॉक आडवा ताणलेला होता आणि दोन १५२ दोरांनी बांधून ठेवलेल्या. एक शिकाऊ मुलगी कुंपणाला टेकून वारा पडायची वाट बघत होती. सकाळपासून, म्हणाली.

मला तिथून निघवेना. घरी आल्यावर हा धागा काढतेय. तुमच्यापैकी कुणी अशा जुन्या लष्करी मैदानांवरून उडालं असेल तर लिहा. मैदान कसं होतं, हातांना-कानांना काय लक्षात राहिलं, सगळं लिहा.

---

घारघिरटी :

पूर्ववारा, सोलोचं वर्णन वाचताना माझेच तळवे ओले झाले. मी ग्लायडरवाली. आमचंही मैदान युद्धातलंच. ग्लायडिंग आणि जुनी मैदानं यांचं नातं फार जुनं. इंग्लंडमधल्या लॅशमचं उदाहरण घ्या, १९४२ मध्ये लष्करासाठी बांधलेलं, आणि १९५१ पासून तिथे ग्लायडर उडतायत. विंचला लांबी लागते. किलोमीटरभर केबल सरळ पसरायची तर एवढी मोकळी, सपाट, विजेच्या तारा नसलेली जागा दुसरीकडे कुठे मिळणार?

मी शिकले ते टी-२१ वर. शेजारी शेजारी दोन सीट आणि डोक्यावर काहीच नाही, उघडं. विंच सुरू झाला की पाठीवर कुणी हात ठेवून ढकलावं तसं होतं, तीन-चार सेकंदांत जमीन सुटते आणि समोर फक्त आकाश. वर केबल सुटल्याचा एक टणत्कार. त्यानंतर जी शांतता येते, तिच्यासाठी मी पुढची वीस वर्षं शनिवार-रविवार तिथे काढले.

मैदानाच्या कडेला गोल थाळ्यांसारखे काँक्रीटचे ओटे होते. बॉम्बफेकी विमानं एकाच जागी उभी केली तर एका हल्ल्यात सगळी जातील, म्हणून ती अशी लांब लांब विखरून ठेवायचे. आमच्या दृष्टीने ते ओटे म्हणजे चुली. ऊन वर आलं की आजूबाजूचं गवत गार आणि काँक्रीट तापलेलं. पूर्वेकडच्या तीन ओट्यांच्या वर साडेअकराच्या सुमारास थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचा वर चढणारा झोत, हमखास सुटायचा. ८०० फुटांवर, आता उतरावंच लागणार असं वाटत असताना, तिथे गेलं की उजवा पंख हळूच उचलला जायचा. उचललेल्या पंखाकडे वळायचं. व्हेरिओची, म्हणजे चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्राची सुई वर सरकायला लागली की सीटखालून कुणी उचलून घेतंय असं वाटतं. युद्धात ज्या जागी बॉम्ब चढवत होते तिथल्या उष्णतेवर मी पहिल्यांदा तासभर वर राहिले. ही गोष्ट मी उडताना कधी विसरू शकले नाही.

एकदा ३०० फुटांवर केबल तुटली. नाक जवळजवळ ४५ अंश वर, आणि अचानक ओढ संपली. शिकवलेलं एकच, आधी नाक खाली, वेग येऊ दे, मग विचार. नाक खाली घातलं, वेग आला, आणि समोर बघते तर अर्ध्याहून जास्त धावपट्टी अजून शिल्लक! ब्रेक उघडले आणि सरळ उतरले. लहान मैदान असतं तर त्या उंचीवर वळावं लागलं असतं, आणि तेवढ्या उंचीवरचं वळण हेच जीवघेणं असतं. ती लांबी कुणीतरी लँकेस्टरसाठी, युद्धातल्या त्या जड ब्रिटिश बॉम्बफेकी विमानासाठी आखली होती. मला तिने वाचवलं.

---

खडीकाम :

मी उडत नाही, पण आयुष्य रस्ते आणि धावपट्ट्या बांधण्यात गेलंय, म्हणून त्या 'ए' अक्षराबद्दल लिहितो. त्यामागे फार शहाणा हिशोब आहे.

युद्धाआधी बहुतेक विमानतळ म्हणजे मोठं, बहुधा गोलसर गवताचं मैदान. पट्टी नाहीच. वारा जिकडून, तिकडे तोंड करून उडायचं. विमानं हलकी होती तोवर चाललं. चार इंजिनांची, २५-३० टनांची विमानं आली आणि पावसाळी जमिनीत चाकं रुतायला लागली. काँक्रीट घालणं भागच पडलं. पण काँक्रीट सगळ्या मैदानभर घालता येत नाही. मग वाऱ्याच्या किती दिशा सांभाळायच्या?

ब्रिटिशांनी ठरवलेल्या 'क्लास ए' नमुन्यात मुख्य पट्टी २००० यार्ड, म्हणजे सुमारे १८३० मीटर, आणि दोन दुय्यम पट्ट्या १४०० यार्ड, म्हणजे १२८० मीटर. तिन्ही ५० यार्ड रुंद आणि एकमेकींशी साधारण ६० अंशांत. प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी वापरता येते, म्हणजे तीन पट्ट्यांत सहा दिशा, प्रत्येकी ६० अंशांच्या अंतरावर. आता वारा कुठूनही येऊ दे, तो जवळच्या पट्टीपासून जास्तीत जास्त ३० अंश तिरका. ३० अंशांची 'ज्या' (साइन) अर्धी असते. म्हणून वारा २० नॉटचा असला तरी आडवा घटक १० च्या वर जात नाही. कुठलाही वारा, कुठलाही दिवस.

पूर्ववारा, तुमच्याच आकड्यांवर हिशोब करून बघितला. वारा ३१० वरून १५ नॉट. २४ वर उतरला असतात तर आडवा वारा १४ नॉटच्या आसपास. ३० वर चारच्या आत. सेसना १५२ ची पुस्तकातली आडव्या वाऱ्याची खात्री १२ नॉटची, बरोबर ना? म्हणजे तुमच्या इन्स्ट्रक्टरने रेडिओवर बोलण्याआधी हा सगळा विचार एका क्षणात केला होता. आणि ती कुंपणापाशी उभी असलेली मुलगी जमिनीवर का अडकली, त्याचंही उत्तर हेच.

१९४२ च्या ऐन धामधुमीत ब्रिटनमध्ये सरासरी दर तीन दिवसांनी एका नव्या विमानतळाचं काम सुरू होत होतं. त्या घाईत घातलेलं काँक्रीट ८० वर्षांनीही विमानं पेलतंय, याबद्दल त्या अनामिक मुकादमांना माझा नमस्कार. तुमचा ठकठक आवाज म्हणजे त्यांचे प्रसरणाचे सांधे. काँक्रीट उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. जागा ठेवली नाही तर तडकतं.

---

सहजवाचक :

धागा सुरेख चाललाय. मला विमानातलं काही कळत नाही म्हणून एक शंका. पूर्ववारा यांनी लिहिलंय की २४ पुसून २३ केलं. धावपट्टी तर जागची हलली नाही, मग आकडा कसा बदलला?

---

पूर्ववारा :

@सहजवाचक, आकडा म्हणजे त्या पट्टीची होकायंत्रातली दिशा, शेवटचं शून्य काढून. २४० अंशांच्या जवळची पट्टी २४, तिचं उलटं टोक ६० अंशांचं म्हणजे ०६. पण होकायंत्राची उत्तर स्थिर नसते, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकतं. आमची पट्टी तेव्हा २३६ वर होती, दहाच्या पटीत धरलं तर २४. आता ती २३४ वर आहे, म्हणून २३. लंडनजवळचा स्टॅनस्टेड विमानतळ आज नुसता प्रवासी विमानांचा वाटतो, पण युद्धात तो अमेरिकन हवाई दलाचा तळ होता. त्याच्या धावपट्टीचे आकडे २००९ मध्ये असेच बदलले, ०५/२३ चे ०४/२२ झाले.

@खडीकाम, हो, १२ नॉटच. तुमचा हिशोब मी दोनदा वाचला. १२ वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी नशिबाने पट्टी चांगली मिळाली. ती नशिबाने मिळाली नव्हती, ती १९४२ मध्येच तिथे मांडून ठेवलेली होती.

घारघिरटी ताई, थर्मलची चूल फार आवडली.

---

निवृत्तपंख :

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

हवाई दलात आम्ही १९६० च्या दशकात शिकलो तेव्हाचे बरेच तळ महायुद्धातलेच. सुरुवात टायगर मॉथवर. या विमानाला ब्रेक नाहीत. मूळच्या टायगर मॉथला शेपटीलाही चाक नाही, लोखंडी पट्टीची घसरपट्टी. गवतावर ती जमिनीत रुतते आणि तोच ब्रेक. काँक्रीटवर ती नुसती घसरत जाते, विमान थांबत नाही आणि वाऱ्याला शेपूट सापडलं की गर्रकन फिरतं. त्यामुळे एवढं काँक्रीट समोर असूनही आम्ही पट्टीशेजारच्या गवतावरच उतरायचो. इन्स्ट्रक्टर म्हणायचे, ही पट्टी तुमच्यापेक्षा मोठ्यांसाठी आहे.

नंतर हार्वर्ड. ६०० अश्वशक्तीचं इंजिन, शेपटीला चाक, आणि जमिनीवर असताना समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. डावीकडे-उजवीकडे नागमोडी करत टॅक्सी करायचं, एकदा या खिडकीतून बघ, एकदा त्या. ते विमान टेकल्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पायट्यांवर नाचते पाहिजेत, चाकं पूर्ण थांबेपर्यंत. आजही गाडी चालवताना गाडी उभी करून झाली तरी माझे पाय सैल पडत नाहीत.

रात्रीचं उड्डाण सांगतो. विजेचे दिवे नव्हते असं नाही, पण आम्हाला गूजनेकवर शिकवलं. गूजनेक म्हणजे झारीसारखं भांडं, पोटात रॉकेल, लांब चोचीत जाड वात. धावपट्टीच्या डाव्या कडेला ओळीने मांडायचे. वरून बघितलं तर अंधारात मण्यांची एक ओळ, बाकी काही नाही. क्षितिज नाही, जमीन नाही. त्या ओळीचा कोन किती उघडा दिसतो यावरून उंची समजायची. मणी एकमेकांत मिसळायला लागले की तुम्ही फार खाली आलात. वाऱ्याने मधलाच एखादा विझायचा आणि ओळीत दात पडल्यासारखं दिसायचं. मग खाली कुणीतरी पोरगा मशाल घेऊन पळत जायचा. वरून ती ठिणगी पळताना दिसायची, थांबायची, आणि दिवा परत लागायचा. त्या पोरांची नावं मला आठवत नाहीत. ती ठिणगी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

रेडिओ बंद पडला तर टॉवरमधून दिव्याने खुणा. हिरवा स्थिर, उतर. लाल स्थिर, दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. मला एकदा सलग तीन वेळा लाल दाखवला, कारण खाली दुसऱ्याचं चाक फुटून तो पट्टीवर अडकला होता. इंधनाचा काटा बघत मी फिरत होतो. चौथ्या वेळी हिरवा दिसला तेव्हा मी कॉकपिटमध्ये मोठ्याने ओरडलो होतो.

पूर्ववारा, बेटा, तुमच्या मैदानाच्या दोन पट्ट्या गेल्या याचं वाईट वाटलं.

---

धुकेकर :

काकांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच करावंसं वाटलं नाही. त्या मशालवाल्या मुलाची आठवण इथे नोंदली गेली हे फार बरं झालं.

मी उतरलोय ते फक्त प्रवासी म्हणून, पण रात्रीच्या दिव्यांवरून एक गोष्ट सांगतोच. इंग्लंडमध्ये वुडब्रिज नावाचं मैदान खास जखमी विमानांसाठी बांधलं होतं. इंजिन बंद, ब्रेक नाहीत, वैमानिक घायाळ, अशी विमानं कुठे उतरणार? म्हणून धावपट्टी ३००० यार्ड लांब आणि तब्बल २५० यार्ड रुंद. खडीकाम यांनी सांगितलेल्या नेहमीच्या पट्टीच्या पाचपट रुंदी! तिथे धुकं हटवायची यंत्रणाही होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी नळ्या, त्यांतून पेट्रोल जाळायचं, आणि त्या उष्णतेने पट्टीवरचं धुकं विरायचं. ब्रिटनमध्ये १५ मैदानांवर ही सोय होती. परत येणाऱ्यांना ढगात लाल उजेड दिसायचा आणि त्या आगीच्या दोन भिंतींमध्ये उतरायचं. हवा तापल्यामुळे विमान शेवटच्या क्षणी हेलकावे खायचं, हेही वैमानिकांनी नोंदवलेलं आहे.

१३ जुलै १९४४ ला याच वुडब्रिजवर एक जर्मन युंकर्स ८८ उतरलं. दिशा चुकून त्यातले वैमानिक आपल्याच तळावर आलोय असं समजले होते. त्यात जर्मनांचं नवं रडार होतं, आणि ब्रिटिश विमानांच्या शेपटीतल्या इशारा-रडारचा माग काढणारं यंत्रही. म्हणजे जे उपकरण वैमानिकांना सावध करण्यासाठी बसवलं होतं, तेच शत्रूला वाट दाखवत होतं. हे कळल्यावर ब्रिटिशांनी ती उपकरणं काढून टाकली. एका चुकलेल्या लँडिंगमुळे किती जण घरी पोचले असतील!

---

कमळणी :

मी वैमानिक नाही, पण टेंपलहोफवर उतरलेय. २००७ मध्ये, दोन पंख्यांच्या छोट्या विमानातून. बर्लिन शहराच्या ऐन मध्यात तो विमानतळ, दोन्ही बाजूंना घरं. शेवटच्या मिनिटाला खिडकीतून लोकांच्या गच्चीवरच्या कुंड्या दिसत होत्या, मी नकळत पाय वर घेतले. त्यानंतर वर्षभरातच, २००८ च्या ऑक्टोबरात, तो बंद झाला.

१९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा धान्यापासून कोळशापर्यंत सगळं तिथे विमानानेच यायचं. सप्टेंबर १९४९ पर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. दोन हवाई मार्गांनी यायचं आणि मधल्या मार्गाने परत. सुरुवातीच्या एका गोंधळाच्या दिवसानंतर नियम झाला की उतरायचा प्रयत्न एकदाच. चुकला तर वर घिरट्या नाहीत, माल घेऊन सरळ परत. काका, तुम्हाला चौथ्यांदा हिरवा दिवा मिळाला, त्या लोकांना दुसऱ्यांदाही नव्हता.

टेंपलहोफवर तेव्हा गवतात लोखंडी जाळीदार फळ्यांची पट्टी टाकली होती. विमानांच्या माऱ्याने ती सारखी उखडायची, आणि मजूर दोन विमानांच्या मधल्या वेळात पळत जाऊन दुरुस्त करायचे.

बंद झाल्यावर २०१० मध्ये ते मैदान लोकांसाठी उघडलं. मी परत गेले तेव्हा त्याच धावपट्टीवरून चालत गेले. चालताना कळलं की दोन किलोमीटर किती लांब असतात. मधोमध उभी राहिले तर वारा अंगावर असा आला की आपोआप हात पसरले गेले.

---

खडीकाम :

कमळणी, त्या लोखंडी फळ्यांबद्दल थोडंसं. एक फळी १० फूट लांब, १५ इंच रुंद, वजन सुमारे ३० किलो. दोन माणसं उचलून पुढच्या फळीत अडकवत जायची. वजन कमी व्हावं म्हणून भोकं पाडलेली, आणि त्याच भोकांतून पाणी खाली जायचं, गवत वर यायचं. पॅसिफिकच्या बेटांवर तर प्रवाळाचा चुरा दाबून पट्ट्या केल्या. चीनमध्ये छंगडूजवळ बी-२९ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांसाठीची मैदानं हजारो लोकांनी हाताने खडी फोडून आणि दगडी रूळ माणसांनी ओढून बांधली. त्या रुळाचे फोटो पाहिले की माझ्या रोड-रोलरवर बसायची मला लाज वाटते.

---

सूटकेसवाली :

छोटीशी भर. शिकागोला जाताना बॅगेवर ओ-आर-डी लागतं, शिकागोशी त्याचा काय संबंध हे मला कळायचं नाही. तिथे आधी ऑर्चर्ड नावाचं मैदान होतं, युद्धकाळात लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना त्याच जागी होता. ऑर्लँडोचं एम-सी-ओ तसंच, मॅकॉय हवाई दल तळ. तळ गेला, अक्षरं बॅगांवर राहिली.

---

तटस्थ :

सगळ्यांच्या आठवणी मनापासून वाचल्या. तरी एक मत मांडतो. ही मैदानं घाईने, शेतकऱ्यांची सुपीक जमीन ताब्यात घेऊन बांधली होती. युद्ध संपल्यावर जमीन परत नांगराखाली गेली किंवा तिथे घरं झाली, तर त्यात मला अन्याय दिसत नाही. लोकांना राहायलाही जागा लागते. मोजक्या लोकांच्या उडण्यासाठी एवढं काँक्रीट राखावं का?

---

घारघिरटी :

तटस्थ, मुद्दा खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. आमच्या मैदानाच्या पश्चिमेची अर्धी जमीन आता शेती आहे, आणि ज्वारीएवढं उंच पीक उभं असतं तेव्हा ते वरून फार देखणं दिसतं. पण एक लक्षात घ्या. उडायला शिकणारी मुलं कुठल्या तरी जमिनीवरच शिकणार. मोठे विमानतळ त्यांना परवडत नाहीत आणि तिथे त्यांना जागाही देत नाहीत. उद्याचे प्रवासी विमानांचे वैमानिक बऱ्याचदा अशाच तडकलेल्या पट्टीवर पहिल्यांदा एकटे उडालेले असतात. आणि एक पट्टी ठेवून दोन काढल्या की मैदान एक तृतीयांश उरत नाही. वारा आडवा असेल त्या दिवशी ते शून्य उरतं.

---

खडीकाम :

घारघिरटी यांचं शेवटचं वाक्य अगदी खरं, आणि तटस्थ यांचंही म्हणणं खरं. मी व्यवहाराचं बोलतो. १५२ ला किंवा ग्लायडरला काँक्रीट लागतच नाही. काँक्रीट लँकेस्टरला लागत होतं. उखडलेल्या पट्टीच्या खालची जमीन सपाट केलेली असते आणि कडेचे पाण्याचे निचरे बऱ्याचदा शाबूत असतात. त्या रेषेवर ६०० मीटर लांब आणि २५-३० मीटर रुंद पट्टा गवताखाली ठेवला आणि नियमित कापला, रोलर फिरवला, मोठे दगड वेचले, तर आडव्या वाऱ्याच्या दिवसांसाठी हलक्या विमानांना तो पुरतो. शेताच्या कडेला गवताचा पट्टा तसाही बरेच शेतकरी ठेवतात. जमीनमालकाशी बोलून बघायला काय हरकत आहे?

पूर्ववारा, जमलं तर जागेवर जाऊन एक करा. काँक्रीट काढताना खाली खडीचा थर राहिलाय का ते फावड्याने चार ठिकाणी बघा. वरचं गवत कुठे पिवळट आहे त्यावरूनही कळेल.

---

पूर्ववारा :

उशिरा येतेय, जवळजवळ चार महिने झाले. धागा वर काढल्याबद्दल रागावू नका.

खडीकाम यांचा प्रतिसाद मी छापून क्लबच्या लोकांना नेऊन दिला. त्यांनी जमीनमालकांना. ते गृहस्थ स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण त्यांच्या आजोबांची जमीन त्या पट्टीखाली गेली होती, आणि लहानपणी ते तिच्यावर सायकल शिकले होते. कागद वाचून त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या बाजूचा पट्टा हवाय? फावडं घेऊन आम्ही सगळे गेलो. तीन ठिकाणी माती, एका ठिकाणी खडी. तेवढा भाग सोडून पट्टा थोडा सरकवला. ६०० नाही मिळाले, ५५० मिळाले. दगड वेचायला दोन रविवार गेले. परवानगीचे कागद, विमा, झेंड्यांच्या खुणा, यात बाकीचा वेळ.

कुंपणाला टेकलेली ती मुलगी सगळ्या रविवारी होती. पाटीत दगड भरताना तिने मला विचारलं, जुन्या पट्टीवर उतरलात तेव्हा कसं वाटलं होतं? मी तिला ठकठकबद्दल सांगितलं.

परवा वायव्येचा वारा होता. मी आणि इन्स्ट्रक्टर दोघी १५२ घेऊन गेलो. वरून बघितलं तर कोरड्या उन्हाळ्यामुळे दोन्ही नाहीशा झालेल्या पट्ट्या शेतात फिक्या रंगाने उमटल्या होत्या. माती दबलेली, तिथे पीक खुरटं राहतं. ते 'ए' अक्षर पूर्ण दिसत होतं. हिरव्यात पिवळं, आणि त्या पिवळ्यावर आमचा कापलेला पट्टा.

उतरताना आवाज आला नाही. नुसतं गवत चाकांना घासल्याची सर्रर्र.

---

निवृत्तपंख :

फार आनंद झाला. गवतावर उतरलात हे तर उत्तमच.

टोकाला आकडा काय लावलात? ३० का?

---

पूर्ववारा :

काका, होकायंत्र २९४ दाखवत होतं. चुन्याने २९ लिहिलंय. काल त्या मुलीने त्याच्यावर पहिला सोलो केला.